वाचता येईल अशी मशीन

बोडीटोला, ता. साकोली, जि. भंडारा
६ जुलै २०२५

छोटू,

जहाजावर तू योगेंद्र फकिरा दिघोरे, इलेक्ट्रिकल ऑफिसर असशील. इथं तू छोटूच, अन् मी तुह्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तुमच्या जहाजाच्या मेलमध्ये फोटो येत नाही, आवाज येत नाही, दिवसातून दोनदा नुसती अक्षरं येतात, असं तूच सांगतलं. म्हणून बसली लिहाले.

माशांची अंडी उबवाची हॅचरी तयार झाली बापा! शेडवर टिना चढल्या, गोल टाकीले चुना लावून झाला, वरची पाण्याची टाकी भरून ठेवली. आपल्या बचत गटाच्या अकराही बाया रोज येऊन पाहून जातात. केशरबाई अध्यक्ष आहे तं ती दोनदा येते. आजवर तलावात सोडाले मत्स्यजिरे, म्हणजे माशांची जिऱ्याएवढी पिल्लं, बाहेरून ट्रकनं येत होतं. प्लास्टिकच्या पिशव्यांत अर्धं मेलेलं, अर्धं मराले टेकलेलं. अवंदा जिरे आपल्याच टाकीत होईन. परवा बाबा रोहूच्या जोड्या निवडणार आहेत.

तू एप्रिलमध्ये जाताना पंपासाठी जो लहान कॉम्प्युटर भिंतीवर लावून गेला, तो झाकून ठेवला आहे. काल लॅपटॉप जोडून त्याच्या फाइली पाहिल्या. एक उघडली तं चक्क मराठी! 'पाण्याचा वेग', 'मोटर', 'उष्णता मर्यादा'. मले हसूच आलं. मंग दुसरी उघडली, तिच्यात नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं, मुंग्या सांडल्यासारखी अक्षरं. ती खराब झाली काय? अन् एकाच मशीनमध्ये एक फाइल वाचता येते, दुसरी येत नाही, असं काहून?

माय म्हणते, जेवत जा.

तुही ज्योत्सनाताई


हिंदी महासागर
७ जुलै २०२५

ताई,

इथूनच पायाले हात लावतो. आमचं जहाज गहू घेऊन चाललं आहे अन् मी बरोबर जेवतो, मायले सांग.

ती दुसरी फाइल खराब नाही. ती मशीनची नोंदवही आहे. पंप कधी चालू झाला, कधी थांबला, पाणी किती तापलं, हे ती क्षणाक्षणाले लिहीत राहते. ती बायनरी, म्हणजे मशीनच्या आपल्या लिपीत असते. जागा कमी लागते, लाखो नोंदींतून एक नोंद झटक्यात सापडते, अन् मधेच कोणी काही खोडलं तर मशीनले कळते. पण ती वाचायची तर तिचाच प्रोग्राम लागतो.

मराठी फाइल मी मुद्दाम साध्या मजकुरात ठेवली. पंप कसा चालवायचा ते मशीन तिच्यातून वाचते. ती कशानंही उघडते, कोणालेही वाचता येते, कागदावर उतरवून घेता येते. यावरून आमच्या मेसमध्ये रोज भांडण होते. सेकंड इंजिनिअर म्हणतो, साधा मजकूर म्हणजे फाटक नसलेली वाडी, कोणीही शिरावं अन् काहीही उपटावं. सगळं बायनरीत पाहिजे. मी म्हणतो, फाटकाची चावी हरवली तर मालकानं वाडीबाहेर उभं राहायचं काय? काल त्यानं रागानं माह्या वाटणीचं लोणचंही खाल्लं.

पण त्याचं एक म्हणणं खरं आहे. तू वाचजो हजारदा, पण मले विचारल्याशिवाय त्या फाइलले हात नको लावजो. अन् लावलाच तर आधी तिची एक प्रत काढून ठेवजो. पाण्याचा वेग मी पुस्तकातून पाहून अठरा ठेवला आहे.

बाबांच्या जोड्यांचं कळवजो.

छोटू


बोडीटोला
१० जुलै २०२५, दुपारी अडीच

छोटू,

मशीन बंद पडली.

काल संध्याकाळी रोहूले अंडी घालाचं इंजेक्शन दिलं. आज पहाटे अंडी पडली. गोल टाकीत अंडीच अंडी, साबुदाणा भिजवल्यासारखी! सकाळी बाया आल्या अन् टाकीवर वाकून पाहून राहिल्या. केशरबाईनं डोळ्याले पदर लावला.

दुपारी लाइट गेली. आली तं पंप सुरूच झाला नाही. लहान कॉम्प्युटर सुरू आहे, हिरवा दिवा लागला आहे, पण पंप चालत नाही. कोणी कशाले हात लावला नाही.

पाणी फिरलं नाही तं अंडी खाली बसतात अन् मरतात, हे तुले माहीत आहे. पंपाले हातानं चालू कराचं बटण नाही. सध्या बाया तलावापासून शेडपर्यंत रांगेत उभ्या आहेत. बादल्या, पाण्याचे पितळी गुंड, जे हाती लागलं त्यानं वरच्या टाकीत पाणी चढवणं सुरू आहे. बाबा गोल टाकीजवळ नळावर हात ठेवून बसले आहेत अन् धार लहानमोठी करून राहिले.

लॅपटॉपवर नेट येऊन नाही राहिलं, म्हणून ती फाइल पाहून पाहून फोनवर टाइप केली. घे:

# ही फाइल गोल टाकीच्या पंपाची आहे.
# हे चिन्ह असलेली ओळ माणसांसाठी. मशीन ती सोडून देते.
टाकी = गोल_एक
पाण्याचा_वेग = १८
मोटर = एक
उष्णता_मर्यादा = ३१

लवकर सांग.

ज्योत्सना


हिंदी महासागर
१० जुलै २०२५, संध्याकाळ

ताई,

फाइल दहादा वाचली. अक्षर न् अक्षर बरोबर आहे. म्हणजे दोष फाइलमध्ये नाही. लाइट येताजाता झटका बसला असन. पंपाच्या पेटीतला फ्यूज पाहा, पण आधी मेन स्विच बंद कर. उघड्या तारेले कोणी हात लावू नका.

अन् ती नोंदवही पाठव, मुंग्यांवाली. काय झालं ते तिच्यात लिहिलेलं असनच. लॅपटॉपवरून फोनमध्ये घे अन् मेलले जोड.

बटणाचं तू लिहिलं ते खरं आहे. हातानं चालू कराचं बटण ठेवाले पाहिजे होतं. मी ठेवलं नाही. ही चूक माही.

छोटू


बोडीटोला
११ जुलै २०२५, सकाळी सात

छोटू,

फ्यूज चांगला आहे. नोंदवही काल जोडून पाठवली, तं तुमच्या जहाजाकडून उलटा मेल आला की जोडलेली फाइल काढून टाकली, फक्त मजकूर चालते. मंग मी ती उघडून तिच्यातल्या मुंग्याच मेलमध्ये चिकटवल्या, तं तोही परत आला. आता मी काय करू? तिच्यात सारं लिहिलेलं आहे म्हणतोस, अन् मले ते वाचता येत नाही, तुले ते पाठवता येत नाही.

अंडी जिवंत आहेत. रात्री पाळ्या लावल्या होत्या. आपल्या गटातल्या आनंदाबाईच्या घरी जावई पाहुणे आले होते, तेही पँट दुमडून रांगेत लागले. कोणी गाणी म्हणाले लागलं, तं बादल्या तालात चालाले लागल्या. खोटं नाही सांगत, मले रडू येत होतं अन् हसूही येत होतं. पण हात थकले आता. बाबा नळावरून उठाले तयार नाहीत. माय तिथंच त्यांच्या तोंडात घास घालते.

काही कर भाऊ.

ज्योत्सना


हिंदी महासागर
११ जुलै २०२५, सकाळ

ताई,

मी कॅप्टनच्या दाराशीच उभा होतो. मेल पाठवायची वेळ झाली नव्हती. त्यांनी विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, माशांची अंडी आहेत." त्यांनी खुर्ची पुढं केली. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, "अंडी फुटेपर्यंत तुझ्यासाठी मेल दर दोन तासांनी उघडू."

नोंदवही आहे तशी पाठवायची गरज नाही. तिचा वाचणारा प्रोग्राम त्याच मशीनमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची एक आज्ञा मी या पत्रामागून वेगळ्या मेलमध्ये पाठवतो. लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघड, ती आज्ञा जशीच्या तशी टाइप कर, मधल्या जागाही तशाच ठेव, अन् एंटर दाब. काल दुपारच्या नोंदी साध्या अक्षरांत समोर येतील. त्यातल्या शेवटच्या चार-पाच ओळी मले लिहून पाठव.

काही समजलं नाही तरी लिहून पाठव. अर्थ मी लावतो.

छोटू


बोडीटोला
११ जुलै २०२५, सकाळी साडेदहा

छोटू,

आज्ञा चालली. मुंग्यांची अक्षरं झाली. शेवटी सहा ओळी आहेत. पहिल्या तीन अशा, अन् पाच मिनिटांनी त्याच तीन पुन्हा:

दुपारी १:५२. मालकाच्या आज्ञेने काम थांबवले.
दुपारी १:५२. मालकाच्या आज्ञेने काम पुन्हा सुरू.
दुपारी १:५२. चौथी ओळ: 'पाण्याचा_वेग' हे नाव ओळखीचे नाही. पंप सुरू केला नाही.

मशीननंच वाचाचं नाव, अन् तिलेच ओळखीचं नाही!

आता दुसरं ऐक. वरच्या दोन ओळी वाचल्या की तुले कळनच, म्हणून मीच सांगते. लाइट गेलीच नव्हती. मशीन मी थांबवली अन् मीच सुरू केली.

काल दुपारी मी अन् बाबा टाकीजवळ बसलो होतो. पाणी जोरात फिरून राहिलं होतं अन् अंडी काठाले घासून फुटून राहिली होती. बाबा म्हणाले, "पोरी, धार तेज आहे. एवढ्या धारेत मासोळी अंडी ठेवत नाही." मी तिथंच फोनवर ती ओळ लिहिली, वेग चौदा करून. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलेच पाठवली. तेव्हा लॅपटॉपवर नेट होतं, तिथून उचलून फाइलमध्ये जुन्या ओळीच्या जागी चिकटवली. प्रत काढली नाही. मंग मशीन बंद करून चालू केली, अन् पंप उठलाच नाही.

घाबरून चौदाचे परत अठरा केले. तरी नाही. तुले पाठवलेली फाइल तशीच होती, पण मधे काय झालं ते मी लपवलं. तू म्हणशील, ताईले एक गोष्ट सांगतली होती तेही तिनं ऐकलं नाही. अन् बाया म्हणतील, मशीन ज्योत्सनानं बिघडवली. केशरबाईले मी अजून सांगतलं नाही. तुह्या फ्यूजच्या मागं एक अख्खी रात्र गेली, ती माह्यामुळं.

काय रागवाचं ते मागून रागव.

ज्योत्सना


हिंदी महासागर
११ जुलै २०२५, दुपार

ताई,

रागवत नाही. उलट नाचाले आलो आहे, कारण आता सारं समजलं.

फोनवर मराठी लिहिताना जोडाक्षराच्या आजूबाजूले कधी कधी एक खूण आपोआप घुसते. तिले रूप नाही, रुंदी नाही, ती पडद्यावर दिसत नाही. पण फाइलमध्ये ती एक अक्षर म्हणून बसते. तू चिकटवलेल्या ओळीत 'पाण्याचा' या शब्दात ती असन. आपल्याले दोन्ही 'पाण्याचा' सारखेच दिसतात, मशीनले ते दोन वेगळे शब्द आहेत. तू फक्त आकडा बदलला, शब्द तोच राहिला, म्हणून अठरा करूनही काही झालं नाही. अन् मले पाठवताना तू ती नव्यानं टाइप केली, तेव्हा खूण आली नसन, अन् आली असती तरी दिसली नसती. मग मले काय डोंबल दिसणार!

सेकंड इंजिनिअर जिंकला म्हणायचं. साध्या मजकुरातही न दिसणारं लपू शकते, अन् ते पकडलं त्याच्या लाडक्या बायनरी नोंदवहीनं. पण दुरुस्त करायचं आहे ते साध्या फाइलमध्येच, अन् तेही जहाजावरून तुह्या हातानं. म्हणून थोडा मीही जिंकलो.

आता हे कर. आधी फाइलची प्रत काढ. मग चौथी ओळ पूर्ण खोड. आकडा नाही, शब्दही नाही, अख्खी ओळ. मग तिथं लॅपटॉपच्याच कीबोर्डवरून एकेक अक्षर टाइप कर. कुठूनही काही चिकटवू नको. खात्री पाहिजे असन तर मागून पाठवतो त्या दुसऱ्या आज्ञेनं आधी जुन्या ओळीची अक्षरं मोजून घे. मशीन काना, मात्रा, हलंत, मधली जागा सारंच वेगळं मोजते, तशी ती सतरा पाहिजेत.

अन् आकडा चौदा टाक. पुस्तकवाल्यानं आपली टाकी पाहिली नाही. बाबांनी पाहिली.

केशरबाईले मात्र तूच सांग. मशीन सुरू व्हायच्या आधी सांग.

छोटू


बोडीटोला
११ जुलै २०२५, दुपारी चार

छोटू रे!

पंप सुरू झाला!

तू सांगतलं तसं आधी रांगेत गेली अन् सगळ्यांसमोर सांगतलं, "बायांनो, मशीन माह्यामुळं बंद पडली." केशरबाईच्या हातात भरलेला गुंड होता. तिनं तो खालीही ठेवला नाही. म्हणाली, "माह्यानं भात करपला तं तू जेवली नाही काय? जा, काय कराचं ते कर. पाणी आम्ही पाहतो." अन् गुंड पुढच्या बाईकडे दिला. मी लॅपटॉपकडे पळाली.

मंग ओळ मोजली. तू सांगतलं त्यापेक्षा मशीननं एक अक्षर जास्त सांगतलं. बसलं होतं की नाही लपून! प्रत काढली, ओळ खोडली, एकेका बोटानं नवी लिहिली. एंटर दाबताना मी डोळे मिटले होते. आवाज आला तवा उघडले.

बाबांनी नळ सोडला, तं त्यांची बोटं सरळ होत नव्हती. त्यांनी पाण्यात पाहिलं अन् म्हणाले, "आता बरोबर. आता धार मऊ आहे." अंड्यांतली बरीच फुटलीही आहेत. पाण्यात नुसती वळवळ. जिऱ्याएवढा जीव, त्याले दोन काळे ठिपके डोळे!

बाया ओल्याच्या ओल्या शेडमध्ये बसल्या अन् मायनं सगळ्यांले चहा केला. जावईबापूंले दोनदा दिला.

तुह्या कॅप्टनसाहेबाले आमच्या अकरा बायांचा नमस्कार सांगजो.

ज्योत्सनाताई


हिंदी महासागर
११ जुलै २०२५, संध्याकाळ

ताई,

तुह्या पत्राचा अर्थ कॅप्टननं मेसमध्ये सगळ्यांले ऐकवाले लावला. मी हिंदीत सांगत गेलो. गुंड पुढच्या बाईकडे गेला तिथं आमचा म्हातारा खानसामा उठून आत गेला. मले वाटलं कंटाळला. अर्ध्या तासानं तो शिरा घेऊन आला. सेकंड इंजिनिअरनं आपल्या वाटणीचा शिरा माह्या ताटात टाकला अन् म्हणाला, "लोणच्याची परतफेड. पण नोंदवही बायनरीच पाहिजे."

मी मान्य केलं. माणसाले लिहायचं ते मजकुरात, मशीनले आपल्यापुरतं लिहायचं ते तिच्या लिपीत, पण वाचणारा प्रोग्राम जवळ पाहिजे. यावर आमचा समझोता झाला आहे. उद्या पुन्हा मोडेल.

मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तुही कबुलीची चिठ्ठी आली तेव्हा आधी मले रागच आला होता. मग मले माही नोकरीची पहिली फेरी आठवली. एका मोटरीची तार मी उलटी जोडली अन् दोन दिवस कोणाले सांगतलं नाही. तू एका दिवसात सांगतलं.

हातानं चालवायच्या बटणाचा नकाशा मी अक्षरांतच लिहून पाठवतो. साकोलीच्या वायरमनकडून बसवून घेजो, त्याच्याच हातानं.

छोटू


बोडीटोला
२४ ऑगस्ट २०२५

छोटू,

गंज दिवसांनी लिहून राहिली, कारण उसंतच नव्हती. बटण बसलं. चौथ्या दिवशी एका कपातलं मोजून अंदाज काढला, तं सव्वाचार लाख जिरे निघालं! ते बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, वाढवलं. काल बोटभर झालेली पिल्लं, म्हणजे बोटुकली, मोठ्या तलावात सोडली. बाबांनी पहिलं टोपलं पाण्यात टेकवलं. पिल्लं आधी टोपल्यातच थांबली, मंग एक गेलं, अन् त्याच्या मागं सारीच गेली. बाबा किती वेळ पाण्यातच उभे होते. मायनं हाक मारली तं म्हणाले, "थांब वं, दिसून राहिली आहेत अजून."

पलीकडच्या दोन टोल्यांतल्या, म्हणजे वस्त्यांतल्या, बाया आपली हॅचरी पाहाले आल्या होत्या. त्यांनाही अशीच मशीन पाहिजे. मी लाकडाच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला, फाइल उघडली, अन् बोलाले गेली तं ठरवलेलं सारं विसरली. वीस बाया, अन् परक्या लोकांसमोर मी कधी बोलली नाही.

तेवढ्यात केशरबाई पुढं आली. तुले माहीतच आहे, केशरबाई शाळेत गेली नाही. मागच्या दोन वर्षांत अंगणवाडीत बसून बसून अक्षरं शिकली. बसच्या पाट्या वाचते, दुकानाच्या पाट्या वाचते, पण लोकांसमोर कधीच नाही. ती खाली वाकली, पडद्यावर बोट ठेवलं अन् मोठ्यानं वाचाले लागली. "पा-ण्या-चा वे-ग. चौदा."

सगळ्या बाया पडद्याजवळ सरकल्या.

मी हळूच म्हटलं, "केशरबाई, आता टाकीत अंडी नाहीत, नुसतं पाणी आहे. बदलून पाहतेस?" ती माह्याकडे पाहाले लागली. मी आधी प्रत काढली, मंग तिचं बोट धरून कुठली कळ ते दाखवलं, अन् हात सोडून दिला. तिनं चौदातला चार खोडला. शून्य लिहिलं. दहा झाले. मशीन बंद करून चालू केली. टाकीतलं पाणी फिरता फिरता मंद झालं, आमच्या डोळ्यांसमोर.

केशरबाई कमरेवर हात ठेवून त्या पाण्याकडे पाहत राहिली. मंग आमच्याकडे वळली अन् एवढ्या जोरानं हसली की शेडवरची पाखरं उडाली.

"बाई वं," ती म्हणाली, "हे तं माह्यं ऐकते!"

तुही,
ज्योत्सनाताई